लेकीच्या गाडीला बर्फाचे टायर

कॅनडात शिकायला गेलेल्या आमच्या मुलीनं मागच्या वर्षी एक जुनी गाडी घेतली. मुलगी एकवीस वर्षांची आणि गाडी पंधरा. व्हिडिओ कॉलवर तिनं ती चारी बाजूंनी फिरून दाखवली. ह्यांनी पहिला प्रश्न विचारला, "सर्व्हिस हिस्टरी आहे का?" आणि मी म्हटलं, "टायर दाखव."

टायर बरे होते, पण उन्हाळ्याचे. तिथं थंडीसाठी वेगळे टायर लागतात हे मला त्या दिवशीच कळलं. त्यांचं रबर मऊ असतं, थंडीत कडक होत नाही, आणि खाचा खोल असतात म्हणून बर्फावर पकड राहते. अबू धाबीत राहणाऱ्या माणसाला टायर उन्हानं फुटतो एवढंच माहीत. तर असे चार टायर तिनं कॉलेजच्या एका सीनियर मुलीकडून घेतले. रिमवर चढवलेलेच होते, म्हणजे नुसती चाकं बदलायची.

ऑक्टोबर संपत आला होता. शुक्रवारी तिचा फोन आला. येत्या गुरुवारी बर्फ पडणार होता, आणि टायरच्या दुकानात तीन आठवडे अपॉइंटमेंट नव्हती. शिवाय कुणीतरी तिला सांगितलं होतं की नवीन चाकं लावली की हवेच्या प्रेशरचे सेन्सर प्रोग्रॅम करावे लागतात.

"मम्मा, माय कार डझन्ट इव्हन हॅव सेन्सर्स! हाऊ विल आय नो?"

"सेन्सरच नाहीत तर प्रोग्रॅम काय करणार? उलट बरंच आहे. चाक काढायचं, चाक लावायचं, हवा बघायची. मी सांगते तुला."

ह्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मग हे म्हणाले, "तू सांगतेस?"

माझं माहेर कऱ्हाडजवळ, हायवेला लागून. वडिलांचं टायरचं दुकान होतं. मी कॉलेजात असताना त्यांचा उजवा हात मोडला आणि दोन महिने प्लास्टरमध्ये गेला. दुकान बंद ठेवायची त्यांची तयारी नव्हती. मग ते खुर्चीत बसून सांगायचे आणि मी करायची. जीप केल्या, अँबॅसेडर केल्या, एकदा तर नवरदेवासकट थांबलेली वऱ्हाडाची मेटॅडोर केली. मुहूर्त गाठून दिला म्हणून त्या लोकांनी मला बुंदीचा पुडा दिला होता. ह्यांना हे सगळं ऐकून माहीत होतं, पण सासुरवाडीच्या गोष्टी माणूस जितपत ऐकतो तितपतच. आणि इथं येऊन चोवीस वर्षं झाली, मी एकदाही पाना हातात धरला नव्हता. इथं गाडीचं काहीही झालं की मुसफ्फातलं गॅरेज. गाडी नेऊन सोडायची, चहा प्यायचा, गाडी घेऊन यायची.

शनिवार ठरला. आमचे दुपारचे चार, तिचे सकाळचे आठ. नुसतं तोंडानं सांगून तिला कळणार नाही, तेव्हा मी ठरवलं की आपल्या गाडीचंही एक चाक सोबत काढायचं. ती माझं बघेल आणि तसंच करेल. आमची गाडीही जुनीच, सेन्सर वगैरे काही नसलेली. मोहम्मद बिन झायद सिटीत आम्ही राहतो तो एक मोठा व्हिला आहे, त्याचे आठ फ्लॅट पाडलेले. गाड्या बाहेर भिंतीलगत लागतात. मी जुना पंजाबी ड्रेस घातला, केस वर बांधले, आणि डिकीतून जॅक आणि पाना काढला. दोन्ही अजून कंपनीच्या प्लॅस्टिकमध्ये होते. हे एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात कागद घेऊन उभे राहिले. शुक्रवारी रात्रीच ह्यांनी एक्सेलमध्ये चेकलिस्ट करून प्रिंट काढली होती.

फोनमध्ये लेक दिसत होती. लोकरीची टोपी, जाड जॅकेट, तोंडातून वाफ. तिच्याकडे तीन डिग्री होतं. माझ्या मानेवरून घाम ओघळत होता.

"आधी हँडब्रेक. मग दुसऱ्या बाजूच्या चाकाखाली दगड. आता जॅक लावायच्या आधी नट थोडे सैल कर. गाडी जमिनीवर असतानाच. वर उचलल्यावर चाक फिरायला लागतं, मग जोर लागत नाही."

"मम्मा, इट्स नॉट मूव्हिंग."

"पाना आडवा धर आणि त्यावर पाय देऊन उभी राहा. सगळं वजन टाक."

ती उभी राहिली. पाना हलला, ती पडता पडता सावरली आणि एवढ्या मोठ्यानं ओरडली की ह्यांच्या हातातला कागद पडला. पहिला नट सुटला होता. माझाही सुटला. माझा नट सुटतानाचा तो करकर आवाज ऐकून मला एकदम इतकं बरं वाटलं की मी उगाचच हसायला लागले.

तेवढ्यात आमच्या खालच्या मजल्यावरचे इजिप्शियन शेजारी गाडीतून उतरले. ते एका शाळेत गणित शिकवतात, आवाज खणखणीत. एका बाईला गाडीपाशी गुडघ्यावर बसलेलं बघून ते धावतच आले.

"मॅडम, पंक्चर? नो प्रॉब्लेम, आय डू!"

"नो पंक्चर," मी म्हटलं.

"नो पंक्चर?" त्यांनी टायरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी फोन त्यांच्यापुढे धरला. लेकीनं पाना हलवून हाय केलं. सगळा प्रकार कळल्यावर त्यांनी आपली बॅग भिंतीशी ठेवली, शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि काहीही न करता आमच्यासोबत उभे राहिले.

पुढच्या पाच मिनिटांत पाण्याच्या मोठ्या बाटल्या घेऊन येणारा पठाण ड्रायव्हर थांबला. आमच्याकडे दर शनिवारी तोच येतो. त्यालाही वाटलं पंक्चर.

"बाजी, आप छोड़ो, मैं करता हूँ." बाजी म्हणजे ताई.

"भाईसाब, मैं बेटी को सिखा रही हूँ. वो कॅनडा में है."

"कॅनडा में!" त्यानं खांद्यावरची बाटली खाली ठेवली आणि फोनमध्ये डोकं घातलं. "सलाम बेटा! वहाँ ठंड है?"

माझं चाक हातानं ओढल्याबरोबर बाहेर आलं. तिचं मात्र येईना. पाचही नट निघाले, गाडी वर उचललेली, आणि चाक जसंच्या तसं. तिनं ओढलं, हलवलं, पुन्हा ओढलं.

"मम्मा, इट्स स्टक. इट्स टोटली स्टक."

तिचा आवाज रडवेला झाला होता. तिथं रस्त्यावर मीठ टाकतात, बर्फ वितळावा म्हणून. त्या मिठानं गंज धरून रिम आतल्या लोखंडाला चिकटून बसली होती. पठाणभाऊ म्हणाले, "लात मारो बेटा, ज़ोर से!" शेजारी म्हणाले, "नो, नो, हॅमर! वन हॅमर, खलास!" ह्यांनी चेकलिस्ट वरपासून खालपर्यंत वाचली, तिच्यात हे नव्हतंच.

"कुणीही लाथ मारायची नाही," मी मराठीतच म्हणाले, पण ते सगळ्यांना कळलं. गाडी जॅकवर असताना धक्का दिला आणि जॅक घसरला तर? दहा-अकरा हजार किलोमीटरवर ती एकटी त्या गाडीशेजारी उभी होती. क्षणभर वाटलं, आपण नको ते अंगावर घेतलं. तीन आठवडे ती बसनं गेली असती तर काय बिघडलं असतं?

मग मला आठवलं. डोक्याला नाही, हातांना आठवलं. एका उसाच्या मळीच्या टँकरला आम्ही काय केलं होतं ते.

"ऐक. पाचही नट परत लाव. पण आवळू नकोस, दोन-दोन आटे फिरव फक्त. लावलेस? आता जॅक खाली घे. पूर्ण. जॅक काढून बाजूला ठेव. दगड काढ. गाडीत बस, चालू कर, हँडब्रेक सोड, आणि हातभर पुढे घेऊन ब्रेक मार. मग हातभर मागे."

"विथ लूज नट्स?"

"हातभरच. माझ्यावर विश्वास आहे ना?"

तिनं फोन कुठल्यातरी कुंडीला टेकवून ठेवला. आम्हा चौघांना फक्त एक पुढचं चाक आणि पिवळी पानं पडलेली जमीन दिसत होती. गाडी चालू झाल्याचा आवाज आला. चाक किंचित पुढे गेलं, थांबलं. मागे गेलं, थांबलं. काही नाही. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. आणि मग फोनमधूनसुद्धा स्पष्ट ऐकू आलं: टक्.

"सुटलं!" मी ओरडले.

"यल्ला या बिन्ती!" शेजारी टाळ्या वाजवायला लागले. यल्ला म्हणजे चल, बिन्ती म्हणजे माझी पोरगी. पठाणभाऊंनी ह्यांना मिठीच मारली. समोरच्या व्हिलातला एक माणूस गॅलरीत येऊन बघायला लागला. लेक गाडीतून उतरून धावत आली आणि तिचा चेहरा इतका जवळ आला की स्क्रीनवर फक्त नाक आणि टोपी दिसत होती.

"मम्मा! डिड यू हिअर दॅट?"

गाडी पुन्हा जॅकवर घेऊन तिनं ते चाक बदललं, आणि पुढची तीन जवळपास स्वतःच केली. मी फक्त मधे मधे सांगत होते. टायरच्या बाजूवरचा बाण गाडी पुढे जाते त्या दिशेला हवा. नट एकाशेजारी एक आवळायचे नाहीत, समोरासमोरचे आवळायचे, चांदणी काढल्यासारखे, म्हणजे चाक सरळ बसतं. आणि सोडवताना पाय चालतो, आवळताना नाही. आवळताना फक्त हात. दुसऱ्या चाकाचा बाण तिनं उलटा केला होता, तो माझ्याआधी शेजाऱ्यांनी पकडला आणि त्या दिवसभराचं समाधान त्यांच्या तोंडावर दिसायला लागलं. पठाणभाऊंना पुढच्या बाटल्या पोचवायच्या होत्या, ते जाताना फोनला दुआ देऊन गेले.

शेवटी हवा. तिनं पेन्सिलीएवढा गेज घेतला होता. दाराच्या आतल्या बाजूला किती हवा ते लिहिलेलं असतं, तिच्या गाडीला तेहतीस. चारही टायर अठ्ठावीसच्या आसपास निघाले.

"थंडीत हवा आक्रसते," मी म्हटलं. "आज भरशील, पुढच्या महिन्यात आणखी थंडी पडली की परत कमी होईल. गाडी तुला दिवा लावून सांगणार नाही. दर रविवारी सकाळी, गाडी चालवायच्या आधी, तू बघायचं. आणि शंभर किलोमीटर झाले की नट पुन्हा एकदा आवळून बघ."

"ओके, बॉस," ती म्हणाली.

मी माझं चाक बसवून नट आवळले तेव्हा सूर्यास्ताची, मगरिबची बांग सुरू झाली होती. हात काळे, गुडघे लाल, ड्रेसवर ग्रीस. ह्यांनी चेकलिस्टची घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाले, "चोवीस वर्षं मला वाटायचं, गाडीतलं आपल्या घरात मला जास्त कळतं."

"मग आता?"

"आता भूक लागली. तू बस, खिचडी मी टाकतो."

त्यांनी खरंच टाकली. जरा पातळ झाली, पण मी दोनदा घेतली.

गुरुवारी तिकडे बर्फ पडला. संध्याकाळी लेकीचा फोटो आला: पांढऱ्या रस्त्यावर तिच्या गाडीच्या चाकांचे दोन सरळ पट्टे, कॉलेजच्या पार्किंगपर्यंत. खाली एवढंच लिहिलं होतं, "नो स्लिपिंग." तो फोटो मी ऑफिसात सगळ्यांना दाखवला. ज्यांना नको होता त्यांनाही.

त्यानंतरच्या शनिवारी दारावरची बेल वाजली. बाहेर खालच्या शेजाऱ्यांची बायको उभी होती. आम्ही जिन्यात हसून बोलतो, पण माझं अरबी आणि तिचं इंग्रजी दोन्ही बेताचंच. तिनं बसबूसाचं ताट आणलं होतं, रव्याच्या गोड वड्या. ताट माझ्या हातात दिलं, स्वतःकडे बोट दाखवलं, मग हवेत पाना फिरवल्याची खूण केली.

"मी टू. सेम-सेम. टीच?"

"नाउ?"

"नाउ!" तिनं अबाया, म्हणजे तो लांब काळा झगा, जरा वर उचलून पायातले बूट दाखवले. तयारीनंच आली होती.

आम्ही खाली गेलो. तिनं त्यांच्या गाडीच्या पहिल्या नटावर पाना लावला, मी दाखवलं तसा पाय दिला, आणि नट करकरत सुटला. तिनं दोन्ही हात वर केले, मान मागे टाकली आणि त्यांच्याकडे लग्नात बायका जीभ हलवून ठोकतात तशी लांबलचक आरोळी ठोकली. व्हिलातल्या आठही फ्लॅटच्या खिडक्या उघडल्या.