चहाबरोबर घेतलेल्या छप्पन्न गोळ्या

"सात पूर्णांक एक," डॉक्टर रिपोर्ट बघत म्हणाल्या. "ताई, तुम्ही वर लिफ्टने आलात की जिन्याने?"

मी म्हटलं, जिन्याने. दोनदा थांबून.

हिमोग्लोबिन म्हणजे रक्तातला प्राणवायू वाहून नेणारा घटक. बाईचं ते बाराच्या आसपास तरी असावं लागतं. माझं सात पूर्णांक एक होतं. फेरिटिन, म्हणजे शरीराने राखून ठेवलेला लोहाचा साठा, चार होता. तो निदान पंधरा हवा होता. सोनोग्राफीत गर्भाशयात सहा सेंटिमीटरचा फायब्रॉइड दिसला. फायब्रॉइड म्हणजे स्नायूंची गाठ, कर्करोगाची नव्हे. तिच्यामुळे पाळीत नऊ-नऊ दिवस रक्त जात होतं आणि मी ते दोन वर्षं "वयच आहे" म्हणून सोडून दिलं होतं. माझं वय सेहेचाळीस.

डॉक्टरांनी सरळ सांगितलं. गाठीसकट गर्भाशय काढावं लागेल. त्याला हिस्टरेक्टॉमी म्हणतात. पण एवढ्या कमी रक्तावर त्या शस्त्रक्रिया करणार नव्हत्या. "दहाच्या वर आणा, मग तारीख देते. रक्तस्राव आवरायला गोळ्या देते, पण त्या मी कायम देणार नाही. तीन महिने. नाही जमलं तर रक्ताच्या बाटल्या चढवून घाईत करावं लागेल, आणि ती वेळ मला आणायची नाही."

सात पूर्णांक एकपासून दहापर्यंत, तीन महिन्यांत. माझ्यापुढे एवढंच काम होतं.

मी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासनीस आहे. पितळी व्हॉल्व्हचे भाग मोजते. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाने चुकलेला तुकडा मी बाजूला काढते आणि वर कारण लिहिते. तीच मी गेलं वर्षभर कच्चे तांदूळ चघळत होते. निवडता निवडता एक मूठ तोंडात जायची. कॅन्टीनमधला बर्फ कडाकडा फोडून खायचे. शेजारच्या टेबलावरची सुरेखा म्हणायची, "काय गं, या वयात गोड बातमी की काय?" सगळ्या हसायच्या, मीही हसायचे. या खाण्याला पायका म्हणतात आणि ती लोह संपल्याची खूण असते, हे मला रुग्णालयात कळलं. तांदूळ चघळणाऱ्या बायांनो, हसू नका. रक्त तपासा.

त्याच वर्षी महिला दिनाला कंपनीने बाहेरून एक बाई व्याख्यानाला बोलावल्या होत्या. विषय होता नोकरदार आईची ऊर्जा. पडद्यावर एक सडपातळ बाई काकडीचा वाडगा हातात घेऊन हसत होती. काकडी खाताना इतकं हसणारं माणूस मी तरी अजून पाहिलेलं नाही. वक्त्या म्हणाल्या, अर्धा तास लवकर उठा. मी चार पन्नासला उठते. त्याआधी अर्धा तास म्हणजे चार वीस, आणि तेवढी झोप कुठून आणायची हे त्यांनी सांगितलं नाही. रोज दहा हजार पावलं चाला, म्हणाल्या. मी फोन काढून पाहिला. संध्याकाळचे चार वाजले होते आणि माझी आठ हजार नऊशे झाली होती. बाजार आणि स्वयंपाक अजून बाकी होता. शेवटी म्हणाल्या, स्वतःवर प्रेम करा. आम्ही टाळ्या वाजवल्या, कारण नंतर वडे होते.

ज्या बाईला जिन्यावर दोनदा थांबावं लागतं तिला व्यायामाने ऊर्जा येत नाही. आधी रक्त लागतं. हे तिथे कोणी बोललं नाही.

निदान झाल्यावर घरी सल्ल्यांचा ढीग पडला. सोसायटीच्या ग्रुपवर खजूर, गूळ-शेंगदाणे, डाळिंब आणि कुणाच्या तरी मावशीला आठ दिवसांत गुण आलेला कसला तरी काढा. माझा नवरा संजय डोंबिवलीच्या बाजारातून सात बीट घेऊन आला. "रोज एक ज्यूस घे. महिन्यात फरक पडतो."

"सोलणार कोण? मिक्सर धुणार कोण?"

"अगं, तब्येत तुझी आहे ना?"

तीन बिटं सुकून गेली. उरलेल्यांची मी कोशिंबीर केली, ती मुलांनी संपवली.

मी मात्र गोळ्या चुकवल्या नाहीत. डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या दोन गोळ्या रोज. कॅलेंडरवर खुणा केल्या. अठ्ठावीस दिवस, छप्पन्न गोळ्या, छप्पन्न खुणा. पोटात ढवळायचं, तोंडाला गंजाची चव यायची, तरी एक खूण सुटली नाही. एकोणतिसाव्या दिवशी पुन्हा रक्त दिलं. ठाण्याच्या त्या रुग्णालयात खालच्या मजल्यावर पावणेदोन तास बसले. समोर भिंतीवर फळांच्या परडीचं चित्र होतं. त्यातली फळं मी मोजली. एकोणीस.

रिपोर्ट आला. सात पूर्णांक तीन.

छप्पन्न गोळ्यांनी शून्य पूर्णांक दोन. या चालीने दहाला पोहोचायला मला वर्षाहून जास्त लागलं असतं.

डॉक्टरांनी मला आहारतज्ज्ञाकडे पाठवलं. पंचविशीची मुलगी होती, कल्याणची, नाव तन्वी. मी मनात म्हटलं, झालं, आता ही मला परदेशी बिया भिजवायला सांगणार. तिने तसं काही सांगितलं नाही. एक कोरा तक्ता दिला. वेळ, पदार्थ, किती, आणि शेवटचा रकाना: बसून की उभ्याने.

"सात दिवस भरा, काकू. खरं लिहा. मला खूश करायला लिहू नका."

खोटं मोजमाप लिहिणं माझ्या रक्तात नाही, रक्त कितीही कमी असलं तरी. मी मुलीचा केकसाठीचा वजनकाटा काढला आणि सकाळी चारही डबे मोजले. संजयचा चारशे ऐंशी ग्रॅम. अकरावीतल्या मुलीचा तीनशे नव्वद. सातवीतल्या मुलाचा तीनशे पन्नास. माझा एकशे नव्वद. त्यात दोन पोळ्या होत्या, एक करपलेली आणि एक फाटलेली. भाजी म्हणजे कढईच्या कडेला राहिलेलं. चांगल्या पोळ्या तीन डब्यांत आणि नापास झालेल्या चौथ्यात. ही निवड मी रोज करत होते आणि डोळेही उघडत नव्हते.

सात दिवसांचा हिशेब असा निघाला. एकवीस जेवणं धरली, तर बसून चार. दोन दिवस उपास, गुरुवार आणि चतुर्थी. चहा रोज सहा कप, कारण चहा प्यायलं की भूक मरते आणि वेळ वाचतो.

तन्वीने तक्ता शांतपणे वाचला आणि पहिल्याच ओळीवर पेन ठेवलं. "पाच वीस, चहा. आणि गोळ्या?"

"त्याच वेळी. दोन्ही. चहाबरोबर."

"रोज?"

"रोज. एकही चुकवली नाही."

तिने ती ओळ अधोरेखित केली. मग म्हणाली, "काकू, चहातले घटक लोहाला धरून ठेवतात. गोळी पोटात जाते, पण त्यातलं लोह रक्तात फारसं उतरत नाही. पाकिटातल्या कागदावर लिहिलेलं असतं."

तो कागद मी पहिल्याच दिवशी घडी न उघडता टाकला होता. कारखान्यात एखाद्या कामगाराने सूचनापत्र न वाचता महिनाभर माल काढला असता, तर मी त्याची सालटी काढली असती. बीटवाल्यांना आणि व्याख्यानवालीला मी हसत होते. त्या सगळ्यांत अडाणी मी निघाले. तीन महिन्यांतला एक महिना मी चहात बुडवला होता.

त्या संध्याकाळी मी डब्यांची वजनं घरात वाचून दाखवली. संजय म्हणाला, "अगं, मग घे ना. तुला नको कोणी म्हटलंय का?"

हे अगदी खरं होतं. कोणीच म्हटलं नव्हतं. पोळ्या कमी पडल्या तर त्या कुणाला कमी पडायच्या हे घरात ठरलेलं असतं आणि ते ठरवायला कुणाला तोंड उघडावं लागत नाही. माझ्या आईने तसंच केलं, मीही केलं. वर मला त्याचा अभिमान होता. मी शेवटी जेवते, मला काहीही चालतं, असं चार बायांत सांगताना मला मोठेपणा वाटायचा. या सगळ्या आजारपणात मला सर्वांत हीन वाटली ती ही गोष्ट.

मुलीने काट्यावरचे आकडे पुन्हा पाहिले आणि विचारलं, "आई, म्हणजे माझ्या डब्याच्या अर्धा तुझा?"

"अर्ध्याहूनही कमी," मी म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून ती कणीक मळायला उठू लागली. संजय भाजी चिरू लागला. जाडी चिरतो, पण चिरतो.

मी चहा दोन कपांवर आणला आणि जेवणापासून दूर ठेवला. गोळ्या अकरा वाजता कारखान्यात, लिंबूपाण्याबरोबर. डब्यात मोड आलेली मटकी किंवा हरभऱ्याची उसळ, त्यावर लिंबू. आठवड्यातून तीनदा अंडी, घरी सुका जवळा. परदेशातून काही मागवावं लागलं नाही. डब्याचं वजन चारशे दहा ग्रॅम. उपास बंद केले. सुरेखा म्हणाली, "बघ हं, देवी रागावेल." मी म्हटलं, "टेंभी नाक्याच्या देवीकडे जाऊन तिला माझा रिपोर्ट दाखवते. तिला वाचता येत असेल."

दुसऱ्या महिन्याच्या शेवटी आठ पूर्णांक आठ. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी दहा पूर्णांक दोन. डॉक्टरांनी आकड्याभोवती गोल काढला. "ताई, तारीख घ्या."

शस्त्रक्रिया दोन तासांत झाली. रक्ताची बाटली लागली नाही. तीन दिवसांनी मला नेहमीचं जेवण सुरू केलं. वरण, भात, दुधीची भाजी, एक पोळी. मी पलंगावर टेकून बसून सगळं संपवलं. वॉर्डातल्या मावशी ताट न्यायला आल्या. पन्नाशीच्या, मुरबाडकडच्या. रिकामं ताट पाहून त्यांनी सहज विचारलं, "अजून भात वाढू का गं?"

मी आठवून पाहिलं. लग्नाला बावीस वर्षं झाली. घरात हे वाक्य दिवसातून किमान आठ वेळा उच्चारलं जातं, आणि प्रत्येक वेळी ते माझ्याच तोंडून निघतं. उलट बाजूने ते मला कधी ऐकू आल्याचं आठवेना. मी वाढा म्हटलं. मावशींचं नाव विचारायचं राहिलं. डॉक्टरांइतकेच त्यांचेही आभार.

घरी आल्यावर मी कोणी विचारायची वाट पाहत नाही. जेवायला तिघांबरोबर बसते आणि भाताचं पातेलं माझ्या हाताशी ठेवते.