चिंच लावून घासलेली भिंगं

सिनेमाच्या मशीनची तीन जुनी भिंगं मी चिंच आणि राख लावून घासली, हे आता कुरखेड्यापासून आरमोरीपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा लपवण्यात अर्थ नाही.

माझे सासरे, म्हणजे मामाजी, तरुणपणी गावोगाव तंबू ठोकून सिनेमा दाखवायचे. मशीन केव्हाच मोडीत गेलं. पेटीत उरली ती पितळी नळकांड्यांत बसवलेली तीन भिंगं. यंदा वयाच्या ऐंशीव्या वर्षी त्यांनी जाहीर केलं, की मंडईच्या दिवशी गावाला पुन्हा एकदा सिनेमा दाखवणार. आमच्याकडे मंडई म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, आणि जत्रा म्हणजे नाटक. नाटक सोडून लोक दुसरं काही बघतील ही कल्पनाच धाडसाची! तरी नाटक मंडळाच्या अध्यक्षांनी नाटकाआधीचे दोन तास दिले. (“पन मशीन बंद पडली, का नाटकवाले चढले स्टेजवर,” ही अट घालून.) त्या दिवसापासून मामाजी रोज दाढी करू लागले.

मशीन आणि रिळं आणणार होते चंद्रपूरचे बंडूभाऊ. त्यांना जुनी यंत्रं जमवायचा नाद. मात्र त्यांच्या मशीनला भिंग नव्हतं, ते आमच्याकडचं लागणार होतं. आता बाहेरच्या माणसापुढे काळीठिक्कर नळकांडी ठेवायची तरी कशी? मी बसले घासायला. काचेला हात लावला नाही, एवढी अक्कल होती. तासाभरात तिन्ही नळकांडी समईसारखी झळकू लागली.

मामाजी आले आणि बघतच राहिले.

“बाई, याच्यावर लाल रंगानं लिवलं होतं.”

“होतं नं काहीतरी. लई घट्ट होतं, निघता निघत नव्हतं.”

“मंग?”

“मंग काढलं.” हे मी अभिमानाने सांगितलं.

मामाजी पेटीवर बसले. तेवढ्यात बंडूभाऊंचा फोन आला. मी तो मोठ्या आवाजावर टाकून मामाजींच्या हातात दिला.

“काका, लेन्स किती मिलिमीटरची आहे?”

“मिलिमीटर मले नाई समजत. एक आरमोरी आहे, एक वैरागड, अन् एक कुरखेडा.”



“काका, मी लेन्सचं इचारून राह्यलो.”

“मी बी लेन्सचंच सांगून राह्यलो. आरमोरीचं मैदान मोठं, मशीन दूर ठेवा लागे. तिथी जे भिंग बसे, ते आरमोरी. कुरखेड्याले जागा कमी, तिथलं कुरखेडा. वैरागड मधातलं.”

“बरं, तुमच्या गावातबी जागा कमीच. मंग त्यातलं कुरखेडा कोनतं ते सांगा.”

“ते आता आमच्या सुनेले इचारा,” मामाजी म्हणाले आणि फोन माझ्या हातात आला.

कंपनीचे आकडे मामाजींच्या तरुणपणातच झिजून गेले होते. नळकांडी सारख्याच लांबीची. मामाजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू. म्हणजे तिन्ही भिंगांची ओळख त्या लाल अक्षरांत होती, आणि ती अक्षरं माझ्या मोरीत वाहून गेली होती.

बंडूभाऊ भला माणूस. म्हणाले, “वहिनी, सोपं आहे. दारातून दूरचं झाड दिसते नं? भिंग धरून त्या झाडाचं चित्र आतल्या भिंतीवर पाडा. चित्र साफ दिसलं, का भिंगापासून भिंतीपर्यंत मोजा. तोच आकडा सांगा मले.”

मी भिंग धरलं. आमचे हे शिलाईचा टेप घेऊन उभे राहिले. भिंतीवर उलटा कडुनिंब उमटला आणि त्याखाली एक उलटी बकरी.

“वा, बकरी खालतं डोकं करून चरून राह्यली,” हे म्हणाले.

“बकरी राहू द्या. आकडा सांगा.”

“हे पाच. हे साडेसात. अन् हे दहा.”

मी तिन्हींवर चिकटपट्टी लावून आकडे लिहिले आणि फोन केला.

“पाच, साडेसात अन् दहा.”

“इंच?” बंडूभाऊंनी विचारलं.

“टेप शिंप्याचा आहे, मंग इंचच असन.”

“दहा इंच? काकांनी तोफ ठेवली होती काय घरी? जाऊ द्या, पाचवालं लावू. मशीन शंभर फूट माघं ठेवा लागन.”

मामाजी म्हणाले, “शंभर फुटावर तं आम्ही चायची टपरीबी नाई लावत होतो.”

“मामाजी, हा हिशोब आहे,” मी म्हटलं. त्यावर ते दाढीचं पाणी ठेवायला उठले. त्यांनी वाद घालायला हवा होता.

मंडईच्या दिवशी दिवेलागणीला बंडूभाऊ धावतपळत पोचले. शंभर फुटांवर टेबल, टेबलावर मशीन, मशीनला माझं पाच नंबरचं भिंग. पुढे आठ फुटी पडदा, पडद्यापुढे अख्खं गाव. बाजूला नाटकवाले मेकअप करून तयार. मशीन सुरू झालं. पडद्यावर हिरोचं नाक आलं. नुसतं नाक. एक डोळा शाळेच्या भिंतीवर, दुसरा चिंचेच्या झाडात, आणि हनुवटी अध्यक्षांच्या शर्टावर!

बंडूभाऊंनी माझ्याकडून टेप मागून घेतला. उलटा करून बघितला. एका बाजूला इंच, दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर.

“वहिनी,” ते हळूच म्हणाले, “पाच सेंटिमीटर म्हंजे दोन इंच.”

नाटकातला राजा तलवार बांधू लागला.

“बंद करू का?” बंडूभाऊंनी विचारलं.

“बंद केलं तं राजा चढलाच स्टेजवर,” मामाजी म्हणाले. “मशीन चालू ठेवा अन् टेबल उचला. पुढं घ्या.”

बंडूभाऊंनी मशीन धरलं. यांनी, मी आणि अध्यक्षांनी टेबल उचललं. बसलेल्या बायांमधून आम्ही निघालो. प्रत्येक पावलाला हिरो आक्रसत होता. डोळा झाडातून उतरून पडद्यावर आला, मग कान आला, मग हिरॉइन सापडली. लोक टाळ्या वाजवत होते. “पाय सांभाळ बाई!” “माह्या पोट्ट्यावर ठेवता काय टेबल?” पडदा चाळीस फुटांवर आला तसे मामाजी ओरडले, “ठेवा!” चित्र पडद्यात चपखल बसलं. राजा तलवार सोडून खाली बसला.

जमीन तेवढी उताराची होती, टेबल डगमगत होतं. मग मी पुढच्या बाजूने, भिंगाच्या खालीच उकिडवी बसले आणि पूर्ण दोन तास टेबलाचा पाय घट्ट धरून ठेवला. गावाने सिनेमा शेवटपर्यंत पाहिला. मामाजी खुर्चीत ताठ बसून होते. आपलीच चूक, आपणच निस्तरली, म्हणून मलाही माझं कौतुक वाटत होतं.

सकाळी बोरिंगवर पाणी भरताना शेजारची सुमन भेटली.

“पिक्चर बेस होता बाई. पन एक नाई समजलं. हिरो कोर्टात गेला, बागेत गेला, दवाखान्यात गेला. जाईन तिथी खालच्या कोपऱ्यात एकच काळी टेकडी काऊन दिसे?”

“असन एखादी.”

“अन् त्या टेकडीवर एकच वाळलेलं झाड. तेबी हालत होतं.”

मी अंबाड्यातून वर डोकावणारा केसांचा आकडा हळूच काढून मुठीत धरला आणि म्हटलं, “तिकडं टेकड्या लई आहेत, सुमन.”