आत्यांना माझं तोंड दिसलं

सासूबाईंना आमच्याकडं आत्या म्हणतात. आमच्या आत्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत चालला होता, आणि ऑपरेशनचं नाव काढलं की त्या एसटी धरून गारगोटीला भावाकडं निघून जायच्या. अशी सात वर्षं गेली. माणूस रागात आहे की खुशीत, हे त्या आवाजावरून ओळखायच्या. मग मी आवाज तेवढा सांभाळला आणि तोंड मोकळं सोडलं.

"भाकरी जाड झाली गं," असं त्या म्हणाल्या की मी साखरेत घोळून "उद्या पातळ थापतो हं आत्या" म्हणायचे, आणि त्याच वेळी डोळे तिरळे करून जीभ हनुवटीपर्यंत बाहेर काढायचे. नवरा समोर असला तर त्याला ठसका लागायचा. मनात खोट नव्हती माझ्या. तोंड वेडावलं की राग तिथंच फिटायचा, इतकंच.

मागच्या वर्षी एकदाचा उजवा डोळा झाला. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली आणि काळा चष्मा लावून आत्या घरी आल्या. स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसल्या, चष्मा कपाळावर सरकवला आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "केस पिकलं की गं तुझं!" मग आमटी चाखली. "मीठ कमी हाय."

"घालतो की आत्या," मी गोड म्हणाले. तोंडाला मात्र सवय. डोळे तिरळे, जीभ बाहेर.

आत्यांचा हात ताटातच थांबला.

"परत कर बघू."

"काय, आत्या?"

"त्ये जिभंचं."

दारात उभा असलेला नवरा, भित्रा मेला, डबा घेऊन मुकाट्यानं चप्पल शोधायला लागला.

"कवापासनं चाललंय ह्ये?"

"सात वर्षं झाली." आता खोटं बोलून काय उपयोग होता?

आत्यांच्या नाकपुड्या फुगल्या. ओठ थरथरायला लागले, हनुवटी आत गेली. ह्या आता रडणार की समोरची वाटी फेकून मारणार? मला काही कळेना. इतकी वर्षं मी त्यांच्या तोंडाकडं नीट पाहिलंच नव्हतं, आणि माझे तर दोन्ही डोळे धडधाकट!

मग त्यांच्या पोटातून हसू फुटलं, ते थांबेचना. "आगं, म्या बी सासूला असंच वेडावायचो! पर पदराआड. तू तर ढळढळीत!" आणि त्यांनी पदर ओढून मला करून दाखवलं. एक गाल फुगवून, नाक आक्रसून, ओठ पार कानाकडं नेऊन. माझ्यापेक्षा कैक पटीनं सरस. मी ओट्याला धरून खालीच बसले. दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं, तशी मी घाबरून ओरडले, "अहो, डोळा! हात लावू नका!" त्यावर त्या आणखीच सुटल्या.

नवरा जिन्यातून धावत परत आला. आम्ही एकमेकींच्या गळ्यात, गाल ओले. त्याला वाटलं, रडारड झाली. "माफ कर की आई तिला," तो काकुळतीनं म्हणाला, आणि आम्ही पुन्हा लोळलो.

आठवड्यानं तपासणीला गेलो. डॉक्टरांनी विचारलं, "आजी, आता स्पष्ट दिसतंय का?"

"दिसतंय की. दुसरा डोळा कवा करताय? सुनंची अर्धीच तोंडं बघून झाल्यात."

डॉक्टर माझ्याकडं बघत राहिले. पुढच्या महिन्याची तारीख मिळाली. येताना आम्ही दोघींनी भेळ खाल्ली. मिरची दाताखाली आल्यावर आत्यांनी जे काही तोंड केलं, ते मी मन भरून बघून घेतलं.