चार बोटं उंच ओटा

खरं म्हणजे हे मी कोणालाच सांगायचं नव्हतं. “स्वयंपाकघराचं काम पुरं होईपर्यंत या घरातलं बोलणं फाटकाबाहेर जाता कामा नये,” असं बाबांनी सगळ्यांना बजावलंय, आणि बजावताना त्यांनी फक्त माझ्याकडे बघितलं. मला ते जरा लागलंच. आमच्या घरात सगळ्यात कमी मी बोलते. पण बोलणाऱ्या माणसांच्या गोष्टी बोलून संपतात आणि न बोलणाऱ्याकडे त्या साठत जातात, फ्रीजच्या हँडलला अडकवलेल्या रबरबँडांसारख्या. आमच्या नव्या किचनच्या तर आता इतक्या झाल्यात, की थोड्या काढल्याशिवाय फ्रीज उघडायचा नाही.

आधी मूळ प्रश्न सांगते. आमच्या स्वयंपाकघरातला ओटा आजोबांनी आजीच्या मापाने बांधून घेतला होता. आजी लहानखुरी आहे. आई तिच्यापेक्षा चांगलीच उंच आहे, आणि लग्न होऊन आल्यापासून ती त्या ओट्यावर वाकून भाकऱ्या थापतेय. आता तिची कंबर गेलीय. डॉक्टर म्हणाले, “गोळ्या देतो, पण ओटा चार बोटं तरी वर घ्या.”

ओटा चार बोटं वर गेला, की आजीचे हात नीट पोचणार नाहीत. आणि माशाचं कालवण आमच्याकडे अजून आजीच करते. ते ती दुसऱ्या कोणाला करू देत नाही.

हे घरात सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे आमच्याकडे टाइल्स, ट्रॉल्या आणि चिमणी यांच्यावर तासन् तास चर्चा होते. उंचीबद्दल कोणीच बोलत नाही.

* * *

काम साळवी काकांना दिलंय. ते मॉड्युलर किचन करतात आणि कुठल्याही गोष्टीला “होऊन जाईल” म्हणतात. पहिल्या दिवशी त्यांनी टेप काढली आणि विचारलं, “स्वयंपाक कोण करतं? त्यांनी मापाला उभं राहायचं. हात कोपरात दुमडून.”

आई मागे सरकली. “आईंचं घ्या.”

आजी तिच्याही मागे सरकली. “माझा कशाला? हिचा घ्या.”

“नको, आईंचंच.”

“मी सांगतंय ना, हिचा.”

दोघी सरकत सरकत मागच्या दाराशी पोचल्या. साळवी काकांना उशीर होत होता. शेवटी बाबा मापाला उभे राहिले. बाबा रविवारी एकदा चहा करतात. ते हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवतात आणि वर्गातल्या फळ्याच्या वरच्या कडेला त्यांचा हात सहज पोचतो.

साळवी काकांनी त्या मापाची खूण भिंतीवर केली. आजी खुणेसमोर जाऊन उभी राहिली. खूण तिच्या गळ्याशी आली.

“मी काय बँकेत आलंय पैशे काढायला?” आजी म्हणाली.

* * *

मग काम कधी सुरू करायचं, हा प्रश्न आला.

“आंबा संपू दे सर,” साळवी काका म्हणाले, “माझी माणसं आता बागेत आहेत.”

“मग जूनमध्ये?”

“जूनमध्ये भाताची पेरणी, मग लावणी. सगळे गावाला जातात.”

“म्हणजे गणपतीच्या आधी होईल?”

“गणपतीच्या आधी सगळ्यांनाच हवं असतं. त्यात तुमचा नंबर नाय लागायचा.”

“दिवाळी?”

“दिवाळीत माणसं मिळतील. पण माझा सुतार देवरुखचा, तो दिवाळीला घरी जातो.”

बाबांनी चष्मा काढून पुसला. “साळवी, तुम्ही मला एक सांगा. तुम्ही काम करता कधी?”

साळवी काकांनी मनापासून विचार केला. “शिमग्याच्या आधी होऊन जाईल,” ते म्हणाले. “पण शिमग्यात फोन करू नका हां. पालखी असते.”

* * *

साळवी काकांनी नंतर मोबाईलवर थ्रीडी चित्र आणलं. पांढरंशुभ्र किचन. ओट्यावर काचेचं भांडं आणि त्यात हिरवी सफरचंदं.

आजीने मोबाईल डोळ्यांपासून लांब धरून पुष्कळ वेळ बघितलं. “मासळी कुठं साफ करायची?”

“सिंकमध्ये, आजी.”

“आणि गणपतीच्या नैवेद्याची भांडी कुठं धुवायची?”

“सिंकमध्येच.”

 आजीने मोबाईल साळवी काकांच्या हातात परत दिला आणि ओट्याकडे वळून उगाच डबे सरळ केले. आमच्याकडे मासळीची भांडी वेगळी असतात, त्यांचं फडताळ वेगळं असतं, आणि त्या भांड्यांचा घासायचा काथ्यासुद्धा वेगळा असतो. साळवी काकांच्या घरीही असंच असणार. त्यांचे कान लाल झाले.

चार दिवसांनी दुसरं चित्र आलं. त्यात दोन सिंक होती. एक शेगडीच्या डावीकडे, एक उजवीकडे. मधे शेगडी, आणि बाकी ओटाच नाही!

“भाकऱ्या कुठे थापू?” आईने विचारलं.

“होऊन जाईल,” साळवी काका म्हणाले.

सफरचंदं मात्र त्यांनी काढली नव्हती. ती आता शेगडीवर होती.

* * *

माझे काका जहाजावर कुक आहेत. त्यामुळे किचनमधलं आपल्याला सगळ्यात जास्त कळतं असं त्यांचं म्हणणं आहे. बंदराला लागले की ते व्हिडिओ कॉल करतात.

“दादा, ओट्याच्या कडेला स्टीलची रेलिंग घाल. जहाज कितीही हललं तरी टोप पडत नाही.”

“आपलं घर हलत नाही,” बाबा म्हणाले.

“अरे, प्लॅनिंग करताना सगळ्याचा विचार करायचा असतो.”

बाबा विज्ञानाचे शिक्षक असल्यामुळे त्यांनी खरंच विचार केला, आणि साळवी काकांना रेलिंगचं विचारूनही ठेवलं.

मग काका म्हणाले, “बाकी सगळं ठीक आहे, पण वहिनी, उंची किती धरलीय? कारण आईचा हात तर—”

आणि फोन कट झाला.

“रेंज गेली वाटतं,” आजी म्हणाली.

मोबाईल आजीच्याच हातात होता आणि तिचा अंगठा लाल बटणावर होता.

* * *

बाबांचा प्रयोगावर फार विश्वास. “करून बघितल्याशिवाय काही ठरवायचं नाही,” म्हणून त्यांनी पडवीत आंब्याच्या रिकाम्या पेट्या रचल्या, त्यांवर टाइल्सचे नमुने ठेवले आणि वर एक जुनी फळी टाकली. हा आमचा नकली ओटा. “ज्यांना जेवढी उंची बरी वाटेल तेवढे नमुने खाली घाला,” ते म्हणाले. “आठवडाभराने बघू.”

मी शाळेतून यायचे तेव्हा फळी सकाळपेक्षा वर असायची. संध्याकाळी आई पतसंस्थेतल्या कामावरून यायची. मी क्लासहून परत येईपर्यंत फळी पुन्हा खाली. असं रोज. कोणीही कोणाला त्या पेट्यांजवळ बघितलं नाही. टाइल्सचा आवाज मात्र आतपर्यंत यायचा, आणि तो येत असताना जे घरात असेल ते टीव्ही मोठा करायचं.

आठवड्याने बाबांनी सकाळी पट्टी लावली आणि संध्याकाळी परत लावली, तर उंची वेगळी भरली.

“लाकूड आहे,” ते शेवटी म्हणाले. “दमट हवेने फुगतं आणि परत बसतं. मला वाटलंच होतं.”

हे त्यांनी दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात उदाहरण म्हणून सांगितलं. नववीच्या वर्गात मी आहे.

* * *

एका रविवारी आम्ही साळवी काकांच्या ओळखीच्या शोरूमला गेलो. तिथे वेगवेगळ्या उंचीचे तीन ओटे मांडलेले होते. बाबा हळू बंद होणारे ड्रॉवर उघडून सोडत होते, आणि ते पूर्ण बंद होईपर्यंत वाट बघून पुन्हा उघडत होते. आजी खुर्चीवर बसली होती.

आई सगळ्यात उंच ओट्यापाशी गेली. तिने इकडेतिकडे बघितलं. मग पर्स खांद्यावर मागे सारून तिने दोन्ही हात ओट्यावर ठेवले आणि नुसती भाकरी थापायला लागली. पीठ नाही, पाणी नाही. हात फक्त गोल फिरत होते. आई स्वयंपाकघरात सरळ उभी राहिलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली, आणि ते स्वयंपाकघर आमचं नव्हतं.

एवढ्यात एक बाई तिच्याजवळ आल्या. “हे किचन केवढ्याला पडतं हो?”

आईचे हात थांबले. “विचारून सांगते,” ती म्हणाली, आणि खरंच काउंटरवर विचारून आली. त्या बाई तिला पुढे चिमणीचंही विचारायला लागल्या, आणि आईने तेही विचारून आणलं.

आजी खुर्चीतून आईकडेच बघत होती. बाबांनी विचारलं, “काय आई, आवडलं का कुठलं?”

“चला घरी,” आजी म्हणाली. “हय पंखा नाय.”

शोरूमला एसी होता.

* * *

आता गेल्या रविवारचं. साळवी काका शेवटचं माप घ्यायला आले. “आज ठरवा सर. ग्रॅनाइट एकदा कापलं की वाढत नाय.”

बाबांनी तोडगा काढला. “दोघींचीही मापं घ्या. मग बघू.” या वेळी मागे सरकायला कोणालाच जागा दिली नाही. मागच्या दाराशी ते स्वतः उभे राहिले.

मी जुन्या ओट्याच्या टोकाला खाली पाटावर बसून लसूण सोलत होते. खाली बसलं की माणसांचे चेहरे दिसत नाहीत, पाय दिसतात.

आधी आई आली. गाऊन घातलेली. हात कोपरात दुमडून उभी राहिली. वरून ती सरळच दिसत असणार. गाऊनच्या आत तिचे दोन्ही गुडघे वाकलेले होते आणि ओट्याखालच्या कपाटाला टेकले होते.  साळवी काकांनी टेप लावली आणि भिंतीवर पेन्सिलने रेघ मारली. आई बाजूला सरकली, पण तशीच वाकलेली.

मग आजी आली. ती कुठे गेली होती कोण जाणे, पण येताना पावलांचा जड आवाज येत होता. आमची आजी गॅसवाल्यालासुद्धा चपला काढल्याशिवाय स्वयंपाकघरात येऊ देत नाही. आणि तिच्या पातळाखाली काकांचे जहाजावरचे जुने बूट होते! जाड तळव्यांचे, काळे. टाचेकडून जुन्या टॉवेलचं टोक बाहेर आलं होतं, म्हणजे आत आणखी काहीतरी कोंबलेलं होतं.

साळवी काकांनी टेप लावली. मग परत लावली.

“सर, कमाल आहे. आजी वहिनींपेक्षा उंच भरतायत.”

बाबा जवळ आले. त्यांनी दोन्ही रेघा बघितल्या. “टेप तपासा.”

“टेप नवीन आहे सर.”

“वयाने माणूस वाढतो,” आजी म्हणाली.

“हो ना,” आई म्हणाली. “आणि मी हल्ली बसूनच असते.”

 बाबा आळीपाळीने दोघींकडे बघत असणार, पण चेहऱ्यांकडेच. मग ते म्हणाले, “मुक्ता, तू तिथे बसलीयेस. तुला काय वाटतं? कुठलं माप धरायचं?”

मला घरात असं कधी कोणी विचारत नाही. माझ्या डोळ्यांसमोर एकीकडे ते गुडघे होते आणि एकीकडे ते बूट.

“आजी मोठी आहे,” मी म्हटलं. “आजीचंच माप धरा.”

“नको, नको, माझं—” आई म्हणाली.

“धरा!” आजी म्हणाली. “घरात मोठ्या माणसाचाच धरायचा असतो.”

साळवी काकांनी आजीच्या रेघेवर गोल केला. कपाटाला टेकलेले गुडघे हळूहळू सरळ झाले. आजीचे बूट दाराकडे वळले, एकेक पाऊल सांभाळून, आणि ते उंबऱ्याशी पोचले तेवढ्यात आई तिच्या मागून गेली, तिचा दंड धरला आणि अगदी हळू आवाजात—

“मुक्तेऽऽ! किती वेळ झाला गो, नारळ कोण खवणार?”

आले, आजी! आले. तर आई तिला अगदी हळू म्हणाली की, “आई, हे बूट परत ठेवू नका हां. कालवण करताना लागतील.”