शिट्टीआधीचा गूळ: भूम ते धाराशिव

आप्पांनी मला येणार का असं विचारलं नाही. पहाटे माझ्या दारात बैलगाडी उभी केली आणि आत कडब्यावर घोंगडी पसरून ठेवली. मी मूळचा बार्शीचा, भूमच्या शाळेत शिकवायला आलेला. दारात आलेल्या गाडीला इथे नाही म्हणत नाहीत, एवढं तोपर्यंत कळलं होतं. मी चढलो.

जायचं होतं धाराशिवला. कागदावर उस्मानाबाद, बोलताना धाराशिव. तिथल्या फुटबॉल संघाशी आमच्या संघाचा सामना होता आणि जिंकणाऱ्याला हैदराबादहून आणलेला नवा चेंडू मिळणार होता. युद्ध चालू होतं. चेंडूच्या आतलं रबरी ब्लॅडर कुठेच मिळत नव्हतं. आमच्या ब्लॅडरवर सायकलच्या ट्यूबची इतकी ठिगळं होती की आणखी एकाला जागा उरली नव्हती. नवा चेंडू मिळाला तर भूममध्ये खेळ राहील, नाही तर संपेल, हे गाडीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

हे ब्लॅडर जपण्यासाठी गावात एक रीत पडली होती. संध्याकाळी रिकाम्या खळ्यावर खेळ सुरू होई आणि एक गोल झाला की थांबे. शाळेचे ड्रिल मास्तर बाबुराव हे संघाचे कप्तान. ते चेंडूतली हवा सोडत आणि तो धोतराच्या फडक्यात बांधून घरी नेत. आप्पा, म्हणजे तेलाचे व्यापारी बसाप्पा, रोज दुकान बंद करून खळ्याच्या काठावर येऊन बसत. त्यांच्यामागे निम्मी पेठ येई. आखाड्यावर वाढलेली माणसं ती. पाठ लागली, निकाल झाला. गोल करणाऱ्याला आप्पा स्वतःच्या हाताने खारीक देत. बहुतेक वेळा ती दस्तगीरला मिळे. दस्तगीर कापूस पिंजणाऱ्याचा मुलगा, अंगाने बारीक आणि पायाने फार चपळ.

मागे दोनदा आमचा संघ धाराशिवला एकटा गेला होता आणि हरून आला होता. त्याचं कारण आप्पांनी शोधलं होतं. "परक्या गावात आपलं कुणी नसलं की पाय जड व्हत्यात," ते म्हणाले. म्हणून या वेळी संघाच्या गाडीमागे गावाच्या गाड्या निघाल्या. सोबत हलगीवाला घेतला होता आणि आप्पांच्या मांडीवर कोऱ्या फेट्याचं बोचकं होतं.

भूम ते येरमाळा हा रस्ता गाडीवाट आहे आणि चढाचा आहे. मोटारीच्या भरवशावर राहू नये. कोळशाच्या धुरावर चालणारी मोटार कधीमधी येते आणि चढावर उतारूंनाच तिला ढकलावं लागतं. थंडीत जाणार असाल तर खायची चिंता नको. ज्वारी हुरड्यावर आलेली असते. वाटेत एका शेतकऱ्याने गाड्या पाहून कुणाची वरात म्हणून विचारलं. फुटबॉलला चाललो म्हटल्यावर त्याने थोडा विचार केला आणि हुरडा भाजायला आगटी पेटवली. लसणाची चटणी त्याच्या घरची होती. पैसे घेतले नाहीत. परत जाताना काय झालं ते सांगा, एवढंच म्हणाला.

दिवसभर बोलणं खेळाचंच चाललं. दस्तगीरचा डावा पाय भारी की उजवा, यावर दोन गाड्यांत वाद झाला आणि एका गाडीने दुसरीला चुना द्यायचं बंद केलं. खेळाचे नियम मात्र कुणी मला विचारले नाहीत. रोज बघणाऱ्याने नियम कशाला विचारावेत.

मुक्काम येरमाळ्याला केला. येडेश्वरीचं देऊळ टेकडीवर आहे. पायऱ्या उंच आहेत, वारा बोचरा. खाली दुकानात चहा मिळतो, गुळाचा. साखर मागू नये, मिळत नाही. बार्शीकडून येणाऱ्यांनी इंग्रजी कलदार नाणं हद्दीच्या नाक्यावरच बदलून घ्यावं. इकडे निजामाचं हाली नाणं चालतं आणि दुकानदार मोडीत आपला फायदा बघतो.

दुसऱ्या दिवशी येडशीवरून पुढे गेलो. येडशीला छोटी रेल्वे येते. आमच्यातल्या काहींनी ती प्रथमच पाहिली आणि ती थांबून निघेपर्यंत बैल सोडून ठेवले. धाराशिवला पोचलो तेव्हा पाठी आखडल्या होत्या. सरायीत जागा मिळाली. पेठेत ज्वारीची भाकरी आणि आमटी मिळते. आमटीत तेल फार असतं. आप्पांनी तेलाचा वास घेऊन भेसळ आहे असं सांगितलं आणि दोनदा वाढून घेतली.

सामना तिसऱ्या दिवशी उन्हं कलल्यावर होता. मैदान कचेरीच्या मागे, खडकाळ, गावापासून जरा बाजूला. पंच म्हणून कचेरीतले एक साहेब होते. रेषेवर निशाण धरायला प्रत्येक गावाचा एक माणूस लागत होता. आमच्याकडून मला उभं केलं. त्यामुळे मी मैदानाच्या एका अंगाला आणि आमची सगळी माणसं पलीकडच्या अंगाला होती.

हलगी सुरुवातीपासून वाजत होती. आमचा संघ खरोखरच बरा खेळत होता. पहिला अर्धा भाग संपायच्या आत बाबुरावांनी चेंडू लांब टाकला, दस्तगीरने दोघांना चुकवलं आणि गोल केला.

पंचांनी शिट्टी वाजवली. आमची माणसं मैदानात आली. आप्पा पुढे होते. त्यांनी दस्तगीरच्या डोक्याला फेटा बांधला, दोघांनी त्याला खांद्यावर घेतलं आणि हलगी त्यांच्यापुढे झाली. कुस्ती मारल्यावर पैलवानाला आधी देवाला नेतात. दस्तगीर मुसलमान, म्हणून आप्पांनी गावातल्या दर्ग्याकडे हात केला. "त्याच्या देवाकडं आधी," असं ते म्हणाले, हे मला मागून कळलं. मिरवणूक मैदान ओलांडून रस्त्याला लागली. दस्तगीर वर हात हलवून काही सांगत होता. खालच्यांना तो आनंद वाटला. फेटा त्याच्या डोळ्यांवर आला होता.

पंच धावत रस्त्यापर्यंत गेले. "मियाँ, खेल खतम नै हुआ," ते ओरडले. हलगीपुढे ते कुणाला ऐकू जाणार. बाबुराव मैदानाच्या मध्ये कमरेवर हात ठेवून उभे राहिले. पंचांनी थोडं थांबून पाहिलं, मग दहा जणांवर खेळ चालू केला.

विश्रांतीआधी धाराशिवच्या संघाने गोल केला. विश्रांतीनंतर आणखी एक. आमच्या बाजूला बघायला कुणीच नव्हतं. नुसत्या बैलगाड्या होत्या.

दस्तगीर पळत आला तेव्हा फार थोडा वेळ उरला होता. दर्ग्याच्या पायरीवर खाली उतरवताक्षणी तो मागे फिरला होता. त्याला आत घेतलं. त्याने एकदा चेंडू गोलापर्यंत नेला, तो खांबाला लागून बाहेर गेला.

तेवढ्यात बाकीचे आले. आप्पांनी वाटेत गुळाची ढेप घेतली होती आणि ती फोडून ते खडे वाटत येत होते, धाराशिवच्या लोकांनाही. एका माणसाने खडा तोंडात टाकला आणि विचारलं,

"काका, कशापायी वाटताव?"

"आमचं पोरगं जिंकलं."

"तुमचं पोरगं त्ये काय, पळतंय. तुमच्यावर दोन झाल्यात."

आप्पा मैदानाकडे बघत राहिले. मग लांब शिट्टी वाजली. त्या माणसाने हातातला उरलेला गूळ परत द्यायला पुढे केला. आप्पांनी तो घेतला नाही.

नवा चेंडू धाराशिवच्या संघाला मिळाला. चांगला होता, तांबूस, नवीन कातड्याच्या वासाचा. बाबुरावांनी तो हातात घेऊन दाबून पाहिला आणि परत केला.

परतीची वाट तीच आहे, फक्त उताराची. दस्तगीर आप्पांच्याच गाडीत बसला होता, फेटा मांडीवर घेऊन. येरमाळ्याची टेकडी दिसायला लागल्यावर त्याने विचारलं.

"आप्पा, दर्ग्यात तुमी काय मागितलं?"

"पोराची जीत टिकू दे म्हणलं."

"ती मैदानातच ठिवून आला व्हता तुमी."

मागच्या गाडीत कुणीतरी हसलं. मग पुढच्या. आप्पा हसले नाहीत, पण त्यांनी पिशवीतून खारीक काढून दस्तगीरला दिली. ती त्याची राहिली होती. दस्तगीरने ती खाल्ली.

थोड्या वेळाने आप्पा माझ्याकडे वळले. "मास्तर, बारकी वाजती ती गोलाची. लांब वाजती ती सपल्याची. व्हय?"

मी होय म्हणालो.

हुरड्याचा शेतकरी बांधावर वाट बघत होता. त्याला सगळं आप्पांनीच सांगितलं, काही न गाळता. त्याने ऐकून घेतलं आणि पुन्हा आगटी पेटवली.

गावी आल्यावर पंधरवड्यात जुनं ब्लॅडर फुटलं. काही संध्याकाळी खळं रिकामं राहिलं. मग आप्पांनी मळ्यातल्या मोटेची कातडी सोंड कापून मोच्याकडे दिली. त्या हंगामात त्यांच्या विहिरीचं पाणी निघालं नाही आणि मिरच्या वाळल्या. दस्तगीरच्या वडिलांनी आत पिंजलेला कापूस ठासून भरला. हा चेंडू उसळत नाही, नुसता घरंगळतो. पण फुटतही नाही. त्यामुळे एका गोलावर थांबायचं कारण उरलं नाही. खेळ आता दिसेनासं होईपर्यंत चालतो आणि शेवटी बाबुराव लांब शिट्टी वाजवतात.

यंदा परांड्याचा संघ आमच्याकडे खेळायला आला. पंच म्हणून बाबुराव उभे होते. त्यांचा एक मास्तर माझ्याशेजारी बसला होता. आमच्या दस्तगीरने गोल केला. भूमची सगळी माणसं हात गुडघ्यांत घालून तशीच बसून राहिली. हलगीवाल्याने हलगी पालथी ठेवली होती. तो मास्तर मला म्हणाला, तुमच्या लोकांना या खेळाची फारशी आवड दिसत नाही.

पलीकडे आप्पा बसले होते. मांडीवरच्या कोऱ्या फेट्याचं टोक त्यांनी बोटाला गुंडाळलं होतं आणि ते बाबुरावांच्या गळ्यातल्या शिट्टीकडे बघत होते.