छोटी फोर-बाय-फोर आणि पारापुढचा दीड किलोमीटर

‘रस्ता संपला, आता उतरा.’ उदगीरजवळच्या मावशीच्या गावी मारुतीच्या पारापाशी जीप थांबली की बाबा एवढंच म्हणायचे. पुढे शेतापर्यंत दीड किलोमीटर काळ्या मातीची वाट. आता बाबा नाहीत आणि आईला गुडघ्यांमुळे ती वाट चालवत नाही. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, तिकडे सगळं गाव शेतात जेवतं. आई मात्र गेली सहा वर्षं पारापाशी गाडीत बसून जेवते. मावसभाऊ शिवा डबा आणून देतो.

यंदा दादाला म्हटलं, "तुझ्या गाडीनं शेतापर्यंत जाऊ."

दादानं ही गाडी दोन वर्षांपूर्वी हौसेनं घेतली. आता विकायला काढलीय. "इथं शहरात, मलकपेठेत कुठं लागते फोर-बाय-फोर? मोबाइलवरचे गाड्यांचे परीक्षक सांगत होते, डिक्की नाही, मागं जागा नाही. मी ऐकलं नाही. आता नक्को बाबा ही."

सकाळी सहाला निघालो. गाडी उंच, म्हणून आईसाठी स्वयंपाकघरातला पाट बरोबर घेतला. वयस्क माणूस असेल तर तुम्हीही घ्या. परीक्षकांचं बाकी सगळं खरं निघालं. मागच्या सीटवर माझे गुडघे छातीशी, मांडीवर पिशवी, कारण डिक्कीत पाटाशेजारी फक्त फळांची करंडी मावली. हायवेवर ट्रक ओलांडताना गाडीला धाप लागते. लिटरला तेरा किलोमीटर मिळाले, तेवढ्यावर खूश राहायचं. जहीराबादला इडली खाल्ली. बिदरपर्यंत रस्ता सुरेख आहे, पुढे तो अरुंद होतो आणि उसाचे ट्रॅक्टर लागतात.

बिदरला चावी मी घेतली. दादा पहिल्यांदाच स्वतःच्या गाडीत मागे बसला.

"दोन वर्षं लोकांना इथं बसवलं मी?" तो कण्हला.

"सूनबाई बोलत होती ना," आई म्हणाली. "तू ऐकत नव्हतास."

पार आला. वाट ओलीचिंब होती. शिवानं गव्हाला पाणी सोडलं, मोटार बंद करायची विसरला आणि सगळं पाणी वाटेवर आलं. थोडं पुढे जाताच चाकं जागच्या जागी फिरायला लागली. मागून दादा सवयीनं बोलून गेला, "रस्ता संपला, आता उतरा."

आईनं पट्ट्याला हातसुद्धा लावला नाही. "मी नाही उतरत," ती म्हणाली. "डबा खायला आले नाही मी."

चिखल तुडवत शिवा आला. खिडकीतून आत वाकून म्हणाला, "अक्का, गिअरशेजारी ते लहान दांडकं कशाला दिलंय? ट्रॅक्टरला असतंय तसंच हाय. न्यूट्रल कर, दाब अन् वढ मागं."

मी दादाकडे पाहिलं. "मला काय विचारतेस?" तो म्हणाला. "मी कधी हातच लावला नाही."

दांडा खट्कन बसला, चारही चाकांना जोर मिळाला. क्लच हळूच सोडला. गाडी बैलासारखी संथ चालायला लागली, घसरली, सावरली, थांबली नाही. शिवा पुढे उलट चालत हात दाखवत होता. तो दीड किलोमीटर जायला वीस मिनिटं लागली.

शेतातल्या कोपीपाशी, म्हणजे कडब्याच्या खोपटापाशी, मावशी उभी होती. मी पाट ठेवला, आई उतरली. मावशीनं तिचा हात धरून म्हटलं, "आलीस व्हय गं बाई? भज्जी गार व्हायलीय." दोघी त्या मिश्र भाजीचं ताट घेऊन मातीत शेजारीशेजारी बसल्या. आईनं मातीच्या भांड्यातली आंबील दोनदा मागून घेतली. डब्यातून ती कधी यायचीच नाही, हे मला तेव्हा कळलं.

घरी येऊन दोन दिवस झाले, गाडी अजून माझ्याच दारात आहे. वर्षातले तीनशे चौसष्ट दिवस ही गाडी गैरसोयीची आहे, हे मी मान्य करते. चाकांवरचा चिखल वाळून दगड झालाय. दादाचा निरोप आलाय, "धुऊन ठेव, रविवारी गिऱ्हाईक येतंय." त्यानं त्या माणसाला जबान दिलीय आणि दादा जबान फिरवत नाही. बाबांसारखाच आहे.

दादा, तू हे वाचशील आणि नाही म्हणशील, तरी विचारते. पुढची येळवस होईपर्यंत गाडी ठेवशील?