गावाच्या खालचा रकाना

‘अरे अर्जवाल्या, ती खुर्ची सोड. तुजी जागा भायर, झाडाखाली.’

आबा असे म्हणाला आणि काजू कंपनीच्या सभागृहातली पंधरा-वीस माणसे हसली. आबा आमच्या गावच्या मानकऱ्यांच्या घरचा. कंपनीचे काजूबी खरेदीचे केंद्र त्याच्याच अंगणात चालते. मी तहसील कचेरीसमोर वडाखाली टेबल टाकून गेली सव्वीस वर्षे अर्ज लिहीत आहे. माझा मसुदा वाचून दोन तहसीलदारांनी ‘हे कोणी लिहिले’ अशी चौकशी केली आहे. त्या दिवशी माझ्या हातात, गावची खरेदी बंद करू नये असा, चार पानी अर्ज होता. खाली आमच्या वाडीतल्या एकोणीस बायकांच्या सह्या आणि अंगठे. तरी मी उठलो. उठायला नको होते. उठलो.

कंपनीचे साहेब पुण्याचे, वयाने माझ्या मुलीएवढे. त्यांनी विचारले, ‘काका, शिक्षण किती?’

‘नववी.’

‘मग अर्ज राहू द्या. इथे अर्जावर काही ठरत नाही. हा क्यूब सांगेल ते ठरतं.’

क्यूब म्हणजे ठोकळा. तो प्रोजेक्टरने भिंतीवर पाडला होता. त्याच्या एका अंगाला जागा, दुसऱ्या अंगाला महिना, तिसऱ्या अंगाला मालाची प्रत. हवी ती बाजू धरून त्याची फाक कापता येते. साहेबांनी जिल्ह्यावर बोट ठेवले, तालुके उघडले. तालुक्यावर ठेवले, गावे उघडली. आमचे गाव लाल होते. तीन हंगाम लाल. ओलावा जास्त, प्रत हलकी. निर्णय झालेला होता. यंदापासून आमच्या गावची खरेदी बंद.

आबाला त्याचे काही नव्हते. त्याच्या दारात टेम्पो आहे. त्याचा माल उद्या बांद्याच्या व्यापाऱ्याकडे जाईल. आमच्या बायकांकडे डोके आहे आणि डोक्यावरचे ओझे आहे. केंद्र बंद म्हणजे त्यांची बी घरात पडून कुजणार.

मी म्हणालो, ‘साहेब, ओली बी आमच्या वाडीची नव्हे. आमच्या बायका चार-चार दिवस उन्हात सुकवून बी आणतात. त्यांची पोती अंगणात घेत नाहीत. गडग्याबाहेर, दगडी कुंपणापलीकडे ठेवायला लावतात. सर्वांचे झाले की शेवटी घेतात आणि मानकऱ्यांच्या ओल्या ढिगात ओततात. मग ओलावा तपासतात. दूर ठेवताना आम्ही वेगळे. मोजताना मात्र गाव एक. आपण गावाच्या खाली उघडून पाहावे.’

‘गावाच्या खाली काही नाही.’

‘वाडी आहे.’

‘असेल. क्यूबमध्ये नाही. नोंदीच्या नमुन्यात तो रकानाच नाही.’ माझ्या हातातल्या अर्जाचे अक्षर पाहून साहेबांनी भिंतीवर दुसरा कागद आणला. ‘हा नमुना तुमच्याच हातचा ना, काका?’

माझेच अक्षर. भिंतीएवढे मोठे. पुन्हा हसले सगळे. आबा तर मांडीवर थाप मारून हसला. ‘स्वताच्याच हातान स्वताक खोडल्यान मरे!’

ते खरे होते. कंपनी प्रथम आली तेव्हा त्यांचा माणूस मराठी नमुना तपासून घेण्यास माझ्या टेबलाशी आला होता. नाव, वाडी, गाव, तालुका. मी ‘वाडी’ खोडली. ‘येथे गाव पुरेसे आहे,’ असे मी त्यास अधिकारवाणीने सांगितले. त्याने मान डोलावली. मी स्वच्छ प्रत करून दिली.

का खोडली, ते आज लिहितो. पाचवीत गुरुजी हजेरी घेताना इतर मुलांना नावाने पुकारत. आमच्या वाडीतल्या आम्हा दोघांना म्हणत, ‘बौद्धवाडी, आलात काय?’ वर्ग वळून पाहत असे. ‘हजर’ म्हणायला तोंड उघडत नसे. नववीनंतर शाळा सोडली, पण ते वळलेले चेहरे सुटले नाहीत. पुढे मी अक्षर घडवले, भाषा घडवली. दुसऱ्यांच्या कागदांवर त्यांची वाडी, घर क्रमांक, सर्व्हे नंबर बिनचूक लिहिले. स्वतःच्या पत्त्यात मात्र गाव, पोस्ट, तालुका. बस. मला वाटत होते, मी आमची अब्रू झाकतो आहे.

मी बाहेर आलो. पायरीवर माझी चुलतवहिनी बसली होती. अर्जावर पहिला अंगठा तिचा.

‘काय झाला, भावजी?’

मी सांगितले. नमुन्याचेही सांगितले. पहिल्यांदाच कोणाला सांगत होतो. ती म्हणाली, ‘म्हंजे तुमका लाज वाटली, आनि आमच्यो सुकलेल्यो बियो ओल्यो झाल्यो.’

एवढेच. आवाजही चढवला नाही. भर सभेत हसले त्यांचे मला इतके लागले नव्हते.

मी परत आत गेलो. परवानगी विचारली नाही. उभ्यानेच म्हणालो, ‘साहेब, तो रकाना मी खोडला. चूक माझी आहे आणि ती मी सर्वांसमोर कबूल करतो. आता लिहून घ्या. बौद्धवाडी. एकोणीस पुरवठादार.’

‘ए, बस झाला रे तुजा,’ आबा म्हणाला.

‘आबा, बौद्धवाडी. तुझ्या गडग्याबाहेरची. मोठ्याने सांगतो, ऐक.’

कोणी हसले नाही. साहेबांनी टंकले नाही. म्हणाले, ‘जुन्या नोंदी आता फोडता येणार नाहीत, काका. यंदाची खरेदी बंदच राहील.’

बंदच राहिली. मी दमलो आहे. यंदाची बी आम्ही पडेल त्या भावाने देतो आहोत, आणि तो तोटा माझ्या हातचा आहे हे एकोणीस घरांना ठाऊक आहे. काही जणी माझ्याशी बोलत नाहीत. त्यांनी बोलावे असे मी म्हणत नाही.

आमच्या वाडीत आता आमचा वजनकाटा आहे. ओलावा मोजण्याचे यंत्र मी माझ्या पैशाने घेतले. प्रत्येक पोत्याची नोंद होते आणि नोंदीत वाडी पहिली येते, गाव नंतर. पुढल्या हंगामाला हे कागद मी कंपनीसमोर ठेवणार आहे. त्यांनी ठोकळा मोडून नवा बांधावा. नाही बांधला तर पुन्हा जाईन. आणि यापुढे माझ्या हातून वाडीशिवाय एकही कागद जाणार नाही. माझा नाही, कोणाचाही नाही. ज्याला तो रकाना नको असेल, त्याने दुसरा लिहिणारा पाहावा.